जुनी शिलाई

जुईच्या रक्तात काहीतरी सापडल्याचा फोन आला तेव्हा वनिता सातवीच्या मुलींना लंगडी शिकवत होती. पेठ तालुक्यातल्या त्या आश्रमशाळेत ती खेळाची बाई. शिट्टी गळ्यात, फोन कानाला आणि नजर रिंगणातल्या एका पोरीवर. ती लबाड उचललेला पाय हळूच टेकवून घेत होती.

"जुई विलास भोये यांच्या आई का?" क्रीडाशुद्धी आयोगाचा माणूस बोलत होता. आवाज थंड, पाठ केल्यासारखा. "आपल्या मुलीच्या रक्ताच्या नमुन्यात संपादित पेशी आढळल्या आहेत. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला कुठल्याही स्पर्धेत धावता येणार नाही."

"दुसऱ्या कुणाचा नमुना असेल हो. नावात गडबड झाली असेल."

"दोनदा तपासलाय, बाई."

फोन बंद झाला तरी वनिता तो कानालाच धरून उभी राहिली. रिंगणात पोरींनी एकच कालवा केला होता, "बाई, हिनं पाय टेकला! बाई, ही आऊट!" आणि बाईंचं लक्षच नव्हतं.

जुई सतरा वर्षांची, पाच हजार मीटर धावणारी. आशियाई स्पर्धेच्या निवड चाचणीला पाच आठवडे उरले होते. पहिल्या तिघी संघात जाणार, आणि जुईच्या पुढे देशात तेव्हा एकच मुलगी होती. गेल्या तीन वर्षांत त्या घरात दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलणंच झालं नव्हतं.

दुपारच्याच एसटीने वनिता नाशिकला गेली. कंडक्टर तिचाच नवरा होता, विलास. त्याने तिकीट फाडता फाडता सगळं ऐकलं, एका म्हातारीला चुकून दोन तिकिटं दिली आणि म्हणाला, "खैरनार सरांना विचार. पोर त्यांच्या ताब्यात आहे."

पोपटराव खैरनार सर त्यांच्या धावण्याच्या कॅम्पच्या फाटकाशीच उभे होते. सत्तरीला आलेला माणूस, पण पाठ अजून ताठ. वनितालाही त्यांनीच घडवलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी आशियाई स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळालं ते त्यांच्या हाताखाली, आणि शाळेतली नोकरी मिळाली ती त्या पदकामुळे.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"आणि पाळलाय." सर ट्रॅककडे बघत म्हणाले. "तीन वर्षांत तुझ्या पोरीला मी पाणी आणि शिव्या, ह्यापलीकडे काही दिलं नाही."

वनिता त्यांना पुरती ओळखत होती. सर खोटं बोलायचे तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचे. खरं सांगताना त्यांची नजर कुठेतरी लांब असायची. आज ती ट्रॅकवर होती. म्हणजे ते खरं बोलत होते, आणि तेच जास्त भीतीचं होतं.

शब्द कशाबद्दलचा, ते त्या दोघांनाच ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ह्याच कॅम्पच्या मागच्या खोलीत वनिताला कमरेच्या हाडात तीन इंजेक्शनं दिली होती. "लोहाचं आहे," सर म्हणाले होते. मग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काही विचारायचं असेल तर आत्ता विचार." वनिताने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि काही विचारलं नाही. चार महिन्यांनी ती चढावर धावली तरी धाप लागेनाशी झाली. तेव्हाही तिने विचारलं नाही. पदक मिळालं, लग्न झालं, वर्षभरात जुई झाली. आणि चौदाव्या वर्षी जुई वाऱ्यासारखी धावायला लागली तेव्हा तिला न्यायला सबंध जिल्ह्यात एकच जागा होती. वनिता तिला घेऊन ह्याच फाटकाशी आली आणि म्हणाली, "हिला काही द्यायचं नाही, सर. शब्द द्या."

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"कबूल करायचं. वय लहान आहे, कबूल केलं तर दोन वर्षांची बंदी. भांडत बसलात तर चार."

जुई मागे येऊन उभी राहिली होती. "मी काही केलंच नाही तर कबूल काय करू, सर?"

"अगं, काहीतरी कर कबूल. सर्दीचं औषध, कुणीतरी दिलेला लाडू, काहीही."

"पेशी संपादित करणारा लाडू?" जुई म्हणाली. "कुठे मिळतो, सांगा तरी."

ती आईबरोबरच घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुई आंघोळीला गेली आणि वनिताने तिची बॅग उघडली. आपण हे का करतोय असं तिला वाटलं नाही असं नाही. पण हात थांबले नाहीत. मोजे, दुखण्यावरचा फवारा, राजगिऱ्याच्या वड्या, रोजच्या वेळा लिहिलेली वही. तिने वहीची पानंसुद्धा झटकली. आतला कप्पा उलटा केला. मान वर केली तर जुई दारात होती, ओल्या केसांतून पाणी गळत होतं.

"सापडलं का?"

"जुई, मी नुसतं..."

"सरांनी माझी बॅग उघडली नाही, आई." ती शांतपणे आत आली, उलटा केलेला कप्पा सरळ केला आणि एकेक मोजा पुन्हा भरू लागली. "बाबांनी पण नाही."

वनिताला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिने स्वतः घेतलं होतं, तिनेच आधी संशय घ्यावा.

आठवड्याने दोघी पुण्याला आयोगाच्या प्रयोगशाळेत गेल्या. अहवाल समजावून सांगायला डॉ. तस्नीम मुल्ला होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा डोक्यावर ढकलून बोलणाऱ्या. टेबलामागे काचेआड फ्रीजएवढं यंत्र होतं, त्याला सगळे चाळणी म्हणत.

"पूर्वी आम्ही लघवीत औषध शोधायचो," त्या सांगू लागल्या. "औषध आठवड्यात निघून जातं, म्हणून आम्ही नेहमी उशिरा पोचायचो. मग लोकांनी औषधच सोडलं आणि शरीराची कृतीच बदलायला सुरुवात केली. आपल्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्ताच्या पेशी तयार होतात. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड तिकडे निरोप पाठवतं, तांबड्या पेशी वाढवा. ह्या मगजातल्या पेशींचं एक जनुक थोडं कापून शिवलं, तर त्यांना तोच निरोप दसपट मोठ्याने ऐकू येतो. तांबड्या पेशी भरभरून वाढतात. माणूस धावतो आणि दमत नाही. रक्तात परकं काहीच नसतं, सगळं त्याचंच."

"मग सापडतं कसं?" जुईने विचारलं.

"चाळणी एकेक पेशी वेगळी करून वाचते. एका नमुन्यातल्या दहा लाख. कापून जोडलेल्या जागी खूण राहते. आम्ही तिला शिलाई म्हणतो. आणि गावातला शिंपी जसा टाक्यावरून ओळखू येतो ना, तशी प्रत्येक बनवणाऱ्याची शिलाई वेगळी असते." डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुझ्यात अशा पेशी लाखात एक आहेत. मला कोड्यात टाकलंय ते वेगळ्याच गोष्टीने. ही शिलाई जुनी आहे. हे इंजेक्शन बनवणं बंद होऊन पंधरा वर्षं झाली. आता असं कुणी शिवत नाही. आणि दुसरं म्हणजे ह्या पेशी तुझ्या नाहीतच. जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या बाईच्या आहेत."

वनिताच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं.

"जुई, तू जरा बाहेर बस," ती म्हणाली.

"का?"

"बस म्हणते ना."

दार लागल्यावर तिने विचारलं, "आईच्या पेशी मुलीत जातात का, डॉक्टर?"

"जातात. गर्भातली वार म्हणजे भिंत असं आपण समजतो, पण ते कुंपण आहे. नऊ महिने दोन्हीकडून ये-जा चालू असते. बाळाच्या पेशी आईत राहतात, आईच्या बाळात. काही तर मगजात घर करून बसतात. सत्तर वर्षांच्या बायकांत त्यांच्या आईच्या जिवंत पेशी सापडल्या आहेत, आई जाऊन तीस-तीस वर्षं झालेली असताना." बोलता बोलता डॉक्टर थांबल्या. त्यांनी वनिताच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भोयेबाई, टेबलाच्या ह्या बाजूला बसले की मी आयोगाची नोकर असते. तुम्ही जे बोलाल ते मला लिहून घ्यावं लागेल. बोलायच्या आधी चहा घ्या. सावकाश घ्या."

वनिताने चहा घेतला. कप खाली ठेवताना तिच्या मनात आलं, किती सुंदर गोष्ट सांगितली ह्या बाईने. मरेपर्यंत पोरीत आईचं काहीतरी जिवंत राहतं. आणि मी माझ्या पोरीत ठेवून दिलं ते हे.

मग तिने सगळं सांगितलं. मागच्या खोलीपासून.

जुई बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. वनिता तिच्या शेजारी बसली आणि तिलाही सांगितलं.

"तुला माहीत होतं?" शेवटी जुईने विचारलं.

"मी विचारलं नव्हतं."

"ते नाही विचारलं मी."

वनिताने वाकून चपलेचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"मग माझं टायमिंग?" जुईचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "पंधरा मिनिटं अठ्ठेचाळीस. ते कुणाचं?"

"तुझंच. लाखात एक पेशीने काही होत नाही, जुई."

"हे डॉक्टर म्हणाल्या की तू म्हणतेस?"

"डॉक्टर म्हणाल्या."

"बरं," जुई म्हणाली आणि उठून पाण्याच्या नळाकडे गेली. ती बराच वेळ नुसतं तोंड धूत राहिली.

सुनावणी पंधरा दिवसांनी झाली. वनिताला वाटलं होतं, आपण खरं सांगितलं की पोर सुटेल; इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट, ती बाहेर काढल्यावर तिला काहीतरी वजन असेलच. आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी तिचं सगळं म्हणणं हनुवटीखाली हात घेऊन ऐकलं.

"तुमची कबुली आम्ही नोंदवून घेतली," ते म्हणाले. "तुमच्या रक्ताची तपासणीही झाली. मुलीतल्या पेशी तुमच्याच आहेत, ह्यात शंका नाही. पण बाई, आईच्या पेशी मुलीत जायला नऊ महिने लागत नाहीत. एक सुई पुरते. तुमचं रक्त गेल्या महिन्यात पिशवीतून तिला चढवलं नाही, हे कशावरून?"

"साहेब, मी आई आहे तिची."

"म्हणूनच विचारतोय."

खैरनार सरांचीही साक्ष झाली. त्यांनी वनिताच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "माझ्या कॅम्पमध्ये असलं काही कधी झालं नाही. ह्या बाईंनी बाहेर परस्पर काय केलं, मला कल्पना नाही." त्या काळी कॅम्पात असलेल्या आणखी सहा जणींना आयोगाने विचारलं. सहाही जणींनी नाही सांगितलं, आणि खेळ सोडलेल्या बाईचं रक्त सक्तीने घेता येत नाही.

मधल्या सुट्टीत डॉ. मुल्ला तिच्याजवळ आल्या. "जन्माच्या वेळचं काही आहे का? हॉस्पिटलने राखून ठेवलेलं रक्त, काहीही. त्यात ह्या पेशी सापडल्या तर प्रश्न मिटला."

"ग्रामीण रुग्णालयात झाली ती. तिथे कोण काय ठेवतंय?" वनिता म्हणाली, आणि म्हणता म्हणता थबकली. "नाळ आहे."

"काय?"

"सुकून पडली ना तिची, ती. हळद लावून चांदीच्या डबीत ठेवलीय. आमच्यात ठेवतात. पोर आजारलं की उगाळून चाटवायची."

"उगाळून?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पुरावा चाटवला तुम्ही! किती उरलीय?"

"हरभऱ्याच्या डाळीएवढी असेल. लहानपणी हिला सारखा खोकला व्हायचा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या दोघी हसल्या.

विलासने दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून डबी आणून दिली. प्रयोगशाळेत चिमट्याने तो काळपट तुकडा उचलला तेव्हा वनिताने विचारलं, "परत मिळेल ना?"

"नाही. दळावी लागेल."

ती मान हलवून बाजूला झाली. यंत्राचा बारीक आवाज सुरू झाला, खलबत्त्यात वेलदोडा कुटावा तसा, आणि मिनिटभरात संपला.

नाळेत त्या पेशी सापडल्या. तीच शिलाई. जुई सुटली.

निकालाच्या दिवशी प्रमाणपत्राचा मसुदा वाचायला मिळाला तेव्हा वनिताने डॉक्टरांना विचारलं, "पुढे ह्या पेशी आपोआप वाढल्या तर? परत पकडतील का हिला?"

"वाढू शकतात खऱ्या. वयाप्रमाणे एखाद्या जातीच्या पेशी पसरतात."

"मग तसं लिहा ना त्यात. माझ्या पोरीला पुन्हा ह्या दारात यायला लागू नये."

डॉक्टरांनी आई म्हणून तिच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि त्यावरून एक वाक्य वाढवलं: सदर खेळाडूच्या रक्तात मातेच्या संपादित पेशी जन्मजात आहेत, त्यांचे प्रमाण पुढे वाढल्यास तो दोष मानू नये.

वनिताचा निकाल वेगळ्या कागदावर होता. पदक परत. आठ वर्षं कुठल्याही मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. जुईला शिकवायचं नाही, तिच्या सरावाला थांबायचं नाही, तिच्या धावण्याबद्दल सल्ला द्यायचा नाही. "आई म्हणून तुम्ही तिला जेवायला घालू शकता," कारकुनाने नियम उलगडून सांगितला. "शर्यतीच्या वाटेवर पाणी मात्र देऊ शकत नाही." शाळेनेही चौकशी लावून तिला घरी बसवलं.

जुई खैरनार सरांच्या कॅम्पवर परत गेली. वनिता म्हणाली, "त्या माणसाकडे? तो तुझ्यासमोर खोटं बोलला."

"तो एकोणीस वर्षांनी एकदा बोलला. तू रोज बोललीस."

निवड चाचणीला तेव्हा नऊ दिवस उरले होते. पाच आठवड्यांतले साडेतीन वाया गेलेले. वनिता चाचणीच्या दिवशी घरी फोन समोर ठेवून बसली होती. विलासचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं.

"चौथी आली. चार सेकंदांनी राहिलं."

"ती कशी आहे?"

"रडली नाही. प्रेक्षकांत काही पोरं ओरडत होती. सांगू की नको?"

"सांगा."

"'आईचं रक्त, पोरगी सुपरफास्ट.' सबंध बारा फेऱ्या तेच. शेवटच्या फेरीत तिने मान वळवून बघितलं गं. धावताना कधी मान वळवत नाही ती."

तीन महिने जुई घरी आली नाही. आली ती एका रविवारी सकाळी, न कळवता. वनिता ओट्यावर सुपात नागली पाखडत होती. जुई समोर मांडी घालून बसली. वाळली होती.

"डिसेंबरात पुन्हा चाचणी आहे," ती म्हणाली. "एक जागा रिकामी झालीय."

"मला नको सांगू. तुझ्या धावण्याबद्दल बोलायची बंदी आहे मला."

"मग दुसरं सांगते. तुझा नि माझा रक्तगट एकच आहे."

सूप थांबलं.

"एक पिशवी," जुई म्हणाली. ती नागलीकडे बघत होती. "एका पिशवीने पंधरा सेकंद कमी होतात. दुसऱ्या कुणी दुसऱ्याचं रक्त घेतलं तर चाळणीत लगेच दिसतं. माझ्यात तुझ्या पेशी असणारच आहेत. शिलाई तीच. वाढलेल्या दिसतील, तर वाढू शकतात असं आयोगानेच लिहून दिलंय. सबंध देशात एवढी मोकळीक फक्त मला आहे."

"हे तुझ्या डोक्यातलं नाही."

"माझ्या डोक्यातलं काय नि तुझ्या रक्तातलं काय, आता निवडत बसायचं का?"

"सर म्हणाले हे?"

"सर म्हणाले. पण मागतेय मी."

"जुई, तू काहीच केलं नव्हतंस. ते सिद्ध करायला मी..." वनिताने सूप खाली ठेवलं. "तुझी नाळ दळायला दिली मी."

"आणि कुणाला पटलं? तू आयोगाला पटवलंस. मी रोज मैदानावर जाते. तिथे सगळे समजतात की मी घेतेच. कॅन्टीनवाली मावशीसुद्धा डोळा मारते. न घेता चोर ठरलेय, आणि चौथी येतेय." तिने सूप बाजूला सारलं. "माझ्यात आहे की नाही तुझं? मग पुरतं तरी असू दे."

"नाही."

"अठरा वर्षांपूर्वी दिलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आता मी स्वतः मागतेय, तर नाही?"

वनिताने नकारार्थी मान हलवली. आणि मग जुई रडायला लागली. प्रयोगशाळेच्या बाकावर रडली नव्हती, शर्यत संपल्यावर रडली नव्हती, ते सगळं एकदम आलं. लहानपणी खोकल्याने गुदमरायची तेव्हा रडायची तशी, श्वास आत ओढून ओढून. वनिता पुढे झाली. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला. काही वेळाने जुईचा हुंदका थांबला. ती एकटक कुठेतरी बघत होती. वनिताने तिच्या नजरेचा माग घेतला.

वनिताच्या स्वतःच्या डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सरकवलेली होती. ती तिने कधी सरकवली, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

वनिताने झटकन बाही खाली ओढली. जुई उठून बसली, डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण काहीतरी निवलं होतं.

"डिसेंबरला अजून वेळ आहे," ती म्हणाली. जेवली, दोन भाकरी बांधून घेतल्या आणि दुपारच्या एसटीने गेली.

सोमवारी वनिता पुण्यात होती.

"ते वाक्य काढून टाका," तिने डॉ. मुल्लांना सांगितलं. "वाढल्यास दोष मानू नये, ते. माझ्या अर्जावरून घातलंत ना? अर्ज मागे घेते. ती अठराची व्हायला अजून वीस दिवस आहेत, तोवर मला घेता येतो. विचारून आलेय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काय होईल ते कळतंय का? उद्या पेशी आपणहून वाढल्या तरी ती अडकेल. दर तिमाहीला चाळणी होईल तिची, खेळ सोडेपर्यंत. आणि आता दाखवायला नाळही राहिली नाही."

"कळतंय."

"तिने काहीही केलं नाही तरी."

"तरी."

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, विनंतीचे कारण. दोन ओळींची जागा. "वैद्यकीय अनिश्चितता असं लिहा," त्या हळूच म्हणाल्या. "मी जास्त विचारणार नाही."

वनिताने पेन घेतलं. पोरीचं नाव कुठल्याही वाक्यात आलं तर ते तिच्यावर बालंट झालं असतं. सरांचं नाव लिहून उपयोग नव्हता, ते एकदा करून झालं होतं. आणि खरं विचाराल तर कारण त्या दोघांपैकी कुणीच नव्हतं. पुन्हा एकदा ती पोर ओट्यावर येऊन बसली असती, तशी श्वास ओढत रडली असती, तर ह्या वेळी बाही खाली आली नसती. हे वनिताला पुरतं ठाऊक होतं. जुईलाही कळून चुकलं होतं.

तिने लिहिलं: आईचा भरवसा देता येत नाही.

खाली सही केली. डॉक्टरांनी वाचलं, आणि शिक्का उचलून हातातच धरला.

"ह्याची एक प्रत खेळाडूला जाते, भोयेबाई. लगेच. फोनवर. कारणासकट."

"जाऊ द्या," वनिता म्हणाली.